सॉनाची उष्णता आणि निअर-इन्फ्रारेड प्रकाश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॉना, म्हणजे तापलेल्या खोलीत घाम येईपर्यंत बसणे, आणि प्रकाशोपचार या दोन गोष्टी अलीकडे एकाच खोलीत, एकाच उपकरणात मिळू लागल्या आहेत आणि त्यांच्या फायद्यांची यादीही एकत्रच दिली जाते. प्रत्यक्षात या दोहोंचा इतिहास वेगळा आहे, शरीरावर परिणाम करण्याची पद्धत वेगळी आहे आणि त्यांच्यामागचा पुरावाही वेगवेगळ्या प्रतीचा आहे. म्हणून पुढील उत्तरांत कोणता फायदा उष्णतेचा आणि कोणता प्रकाशाचा, हे शक्य तेथे निरनिराळे सांगितले आहे.

‘निअर-इन्फ्रारेड सॉना’ म्हणजे नेमके काय?

इन्फ्रारेड किंवा अवरक्त किरण म्हणजे दृश्य प्रकाशातील तांबड्या रंगाच्या पलीकडचे किरण. विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि निरनिराळ्या रंगांत तापमापी ठेवून पाहिली. तांबड्या पट्ट्याच्या बाहेर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे, पारा सर्वांत जास्त चढला आणि या किरणांचा शोध लागला. त्यांपैकी दृश्य प्रकाशाला लागून असलेला, साधारण ७८० ते १४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा पट्टा म्हणजे निअर-इन्फ्रारेड. ३००० नॅनोमीटरच्या पलीकडच्या पट्ट्याला फार-इन्फ्रारेड म्हणतात.

पारंपरिक फिनिश सॉनात शेगडीवर तापवलेल्या दगडांनी लाकडी खोलीतील हवा ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि ती हवा शरीराला तापवते. फार-इन्फ्रारेड केबिनमध्ये भिंतींतील पॅनेल तापतात, हवा मात्र साधारण ४५ ते ६० अंशांवरच राहते. निअर-इन्फ्रारेड सॉनात समोरच्या चौकटीवर, बहुधा २५० वॅटचे, तांबडे किंवा पारदर्शक उष्णता-दिवे बसवलेले असतात आणि त्यांच्या किरणांनी शरीर थेट तापते. या दिव्यांचा अनुभवही निराळा असतो. शेकोटीसमोर बसल्याप्रमाणे छाती पाच मिनिटांत भाजू लागते आणि पाठ मात्र गारच राहते, त्यामुळे दर काही मिनिटांनी कूस बदलावी लागते. याशिवाय चौथा प्रकार आता सर्रास दिसतो : फार-इन्फ्रारेड केबिनमध्ये तांबड्या व निअर-इन्फ्रारेड एलईडीचे एक पॅनेल जोडून तिला ‘संपूर्ण वर्णपट’ असे नाव दिलेले असते.

उष्णता आणि हा प्रकाश या शेवटी एकच गोष्ट नाहीत का?

नाहीत, आणि हा संपूर्ण विषय समजण्याची किल्ली येथेच आहे. उष्णतोपचारात शरीराचे तापमान वाढणे हाच उपचार असतो. ते तापमान गरम हवेने वाढले, गरम पाण्याने वाढले की किरणांनी, याने मूळ परिणामात फारसा फरक पडत नाही. प्रकाशोपचारात मात्र तापमान वाढवणे हा हेतूच नसतो. विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश पेशीतील विशिष्ट रेणूने शोषावा आणि त्यातून रासायनिक बदल घडावा, अशी त्यात अपेक्षा असते. म्हणूनच या शाखेत पूर्वी वापरले जाणारे लेझर ‘थंड लेझर’ या नावाने ओळखले जात. आज या उपचाराला फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात.

एकाच दिव्यातून दोन्ही गोष्टी मिळू शकतात हे खरे आहे, परंतु एका गोष्टीची मात्रा योग्य असली म्हणून दुसरीचीही योग्य असेल असे नाही.

सॉनात बसल्यावर शरीरात काय घडते?

पहिल्या काही मिनिटांतच त्वचेचे तापमान ४० अंशांच्या आसपास जाते. उष्णता बाहेर टाकण्यासाठी त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदयाने ढकललेल्या रक्ताचा फार मोठा हिस्सा त्वचेकडे वळतो आणि नाडी मिनिटाला १०० ते १५० ठोक्यांपर्यंत चढते, म्हणजे बेताच्या वेगाने चालण्याचा किंवा सायकल चालवण्याचा व्यायाम केल्यावर चढते तितकी. शरीराच्या आतील तापमान साधारण एका अंशाने वाढते. एका बैठकीत अर्धा लिटरच्या आसपास घाम जाणे ही सामान्य गोष्ट आहे.

परंतु व्यायामाशी असलेले हे साम्य अर्धवट आहे. नाडी वाढते, पण स्नायू काम करत नाहीत, त्यामुळे स्नायूंची ताकद किंवा हाडांची घनता सॉनाने वाढत नाही. फायदा होतो तो प्रामुख्याने रक्तवाहिन्यांना. रक्ताचा प्रवाह वाढला की वाहिन्यांच्या आतील अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते, वाहिन्या सैलावतात आणि हे वारंवार घडत राहिले की त्यांची लवचिकता सुधारते. उष्णतेच्या ताणाला उत्तर म्हणून पेशी ‘हीट शॉक प्रोटीन’ नावाची प्रथिने बनवतात. घडी बिघडलेल्या प्रथिनांची दुरुस्ती करणे हे त्यांचे काम होय. नियमित उष्णतेची सवय झालेल्या शरीरात रक्तद्रवाचे प्रमाणही वाढते, म्हणून सहनशक्तीचे खेळाडू उष्णतेचा मुद्दाम सराव करतात.

हृदयाच्या आरोग्याला सॉनाचा फायदा होतो, हा पुरावा कितपत भक्कम आहे?

या विषयातील सर्वांत वजनदार पुरावा फिनलंडच्या पूर्व भागातील कुओपिओ परिसरातून आला. तेथील एका दीर्घकालीन हृदयरोग अभ्यासात ४२ ते ६० वयाच्या २३१५ पुरुषांच्या सॉनाच्या सवयी नोंदवल्या गेल्या आणि त्यांचा मागोवा सरासरी वीस वर्षांहून अधिक काळ घेतला गेला. यारी लाउक्कानेन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठवड्यातून एकदाच सॉना घेणाऱ्यांच्या तुलनेत चार ते सात वेळा घेणाऱ्यांमध्ये हृदयक्रिया अचानक बंद पडून होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण ६३ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यूंचे प्रमाण ४० टक्क्यांनी कमी आढळले. एका बैठकीत १९ मिनिटांहून अधिक वेळ बसणाऱ्यांचा धोका ११ मिनिटांहून कमी बसणाऱ्यांपेक्षा कमी होता. याच गटाच्या २०१७ सालच्या विश्लेषणात वारंवार सॉना घेणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाणही बरेच कमी दिसले.

आकडे मोठे आहेत, म्हणून त्यांची मर्यादाही ठळकपणे सांगायला हवी. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. आठवड्यातून पाच वेळा सॉनात बसू शकणारा माणूस मुळातच अधिक धडधाकट, अधिक निवांत किंवा अधिक सुस्थितीतील असू शकतो. वय, धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब संशोधकांनी केला होता, तरीही अशा हिशेबातून सर्व काही सुटत नाही. शिवाय आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांचा गट सुमारे दोनशे जणांचाच होता.

म्हणून लहान असले तरी प्रत्यक्ष प्रयोग मोलाचे ठरतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४७ जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करण्यात आली. केवळ व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत, व्यायामानंतर १५ मिनिटे सॉनात बसणाऱ्यांचा वरचा रक्तदाब आठ आठवड्यांत सरासरी ८ मिलिमीटरने अधिक उतरला आणि दमश्वासाची क्षमताही अधिक सुधारली. जपानमध्ये कागोशिमा विद्यापीठातील चुवा तेई यांनी हृदयाची ताकद कमी झालेल्या रुग्णांसाठी ‘वाओन’ उपचार विकसित केला. त्यात ६० अंशांच्या फार-इन्फ्रारेड कक्षात १५ मिनिटे आणि नंतर ब्लँकेट लपेटून ३० मिनिटे विश्रांती, असा सौम्य क्रम असतो. सुरुवातीच्या अभ्यासांत त्याचे निष्कर्ष उत्साहवर्धक होते. २०१६ सालच्या बहुकेंद्री चाचणीत मात्र मुख्य निकषावर, म्हणजे हृदयावरील ताण दाखवणाऱ्या रक्तातील घटकाच्या पातळीवर, दोन गटांतील फरक निर्णायक ठरला नाही.

या सगळ्या अभ्यासांत उष्णता हा समान घटक आहे आणि निअर-इन्फ्रारेड दिवा कशातही नाही. उपकरणाच्या माहितीपत्रकात ‘६३ टक्के’ हा आकडा दिसला, तर तो साध्या दगडी शेगडीच्या सॉनातून उचललेला आहे, हे लक्षात ठेवावे.

निअर-इन्फ्रारेड प्रकाश पेशीवर कसा परिणाम करतो?

या शाखेची सुरुवात एका अनपेक्षित निरीक्षणातून झाली. बुडापेस्टमधील वैद्य एंड्रे मेस्टर हे १९६०च्या दशकात उंदरांवर रुबी लेझरचा कर्करोगकारक परिणाम होतो का, हे तपासत होते. ज्या उंदरांवर तांबडा किरण सोडला त्यांना कर्करोग तर झाला नाहीच, उलट त्यांचे भादरलेले केस अधिक लवकर उगवले. पुढे जखमा भरण्यावर त्यांनी याच प्रकाशाचा प्रयोग केला.

आज सर्वाधिक मानले जाणारे स्पष्टीकरण मायटोकाँड्रियाशी निगडित आहे. पेशीची ऊर्जा तयार करणाऱ्या या घटकात सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे विकर असते आणि ते तांबडा व निअर-इन्फ्रारेड प्रकाश शोषते. हे विकर म्हणजेच प्रकाश टिपणारा रेणू, अशी मांडणी शास्त्रज्ञ तीना कारू यांनी केली. प्रकाशामुळे या विकराला चिकटलेले नायट्रिक ऑक्साइड सुटे होते, ऊर्जानिर्मितीचा वेग वाढतो आणि दाह व दुरुस्तीशी संबंधित संदेश बदलतात, असे मानले जाते. या स्पष्टीकरणाविषयी शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. परिणाम दिसतो, पण त्यामागे हेच एक कारण आहे याबद्दल एकमत नाही.

एक गोष्ट मात्र प्रयोगांत पुनःपुन्हा दिसते. मात्रा फार कमी असेल तर काहीच होत नाही, योग्य असेल तर उत्तेजन मिळते आणि फार जास्त झाली तर परिणाम पुसला जातो किंवा उलटतो. ‘जितका प्रकाश जास्त तितका फायदा जास्त’ ही समजूत येथे सपशेल चुकीची आहे.

हा प्रकाश शरीरात किती खोल जातो?

अंधाऱ्या खोलीत टॉर्चवर बोट घट्ट दाबून धरले, तर बोट तांबडे उजळलेले दिसते. निळा आणि हिरवा रंग रक्ताने व ऊतींनी गिळलेला असतो, तांबडा तेवढा आरपार येतो. तळहात टॉर्चवर धरला तर तो प्रकाशही अगदी मंद होतो. निअर-इन्फ्रारेड प्रकाशाचे गणित असेच आहे. साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात रक्त व पाणी दोन्ही तुलनेने कमी शोषण करतात, म्हणून याला ‘प्रकाशीय खिडकी’ म्हणतात. तरीही त्वचेखाली एखादा सेंटिमीटर गेल्यावर मूळ तीव्रतेचा थोडकाच भाग उरतो. सांध्याजवळील वरचे स्नायू व कंडरा यांच्यापर्यंत उपयुक्त प्रकाश पोहोचू शकतो. यकृत, मूत्रपिंड किंवा कंबरेच्या मणक्यांच्या आतील भागापर्यंत तो पोहोचतो असे सांगणे अतिशयोक्तीचे आहे.

फार-इन्फ्रारेड किरण तर त्वचेच्या अगदी वरच्या थरातच शोषले जातात. ‘फार-इन्फ्रारेड शरीरात खोलवर शिरते’ हे विधान फार ठिकाणी वाचायला मिळते. खोलवर जाते ती उष्णता, आणि तीही तापलेल्या रक्ताबरोबर.

प्रकाशोपचाराचा उपयोग कशात पटण्याजोगा सिद्ध झाला आहे?

सर्वांत भक्कम उदाहरण आरोग्यकेंद्रांच्या जाहिरातीत क्वचितच दिसते. डोके-मान भागातील कर्करोगासाठी किरणोत्सर्ग उपचार घेणाऱ्या किंवा मूळ पेशींचे प्रत्यारोपण होणाऱ्या रुग्णांच्या तोंडात वेदनादायक व्रण होतात. ते टाळण्यासाठी, ठरावीक मात्रेत, तोंडाच्या आत प्रकाशोपचार द्यावा, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत केलेली आहे. रुग्णाला गिळता येणे आणि न येणे इतका फरक त्याने पडू शकतो. या एका उपयोगामुळेच हा विषय थोतांड म्हणून झटकून टाकता येत नाही.

त्याखालोखाल वेदनाशमनाचा क्रम लागतो. मानदुखीवरील लेझर उपचाराच्या १६ चाचण्यांचा, एकूण ८२० रुग्णांचा आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात वेदना कमी झाल्याचे दिसले. गुडघ्याच्या झिजेबाबतही योग्य मात्रेत दिलेल्या उपचारास गुण आल्याचे आढळते. केसांची गळती, बारीक सुरकुत्या आणि व्यायामानंतरची अंगदुखी यांवर परिणाम दिसतो, पण तो बेताचा असतो आणि उपकरणागणिक बदलतो. २०१४ साली १३६ जणांवर झालेल्या एका जर्मन अभ्यासात तांबड्या प्रकाशाने त्वचेतील कोलॅजनची (त्वचेला घट्टपणा देणाऱ्या प्रथिनाची) घनता वाढल्याची नोंद झाली. त्यात खोटा प्रकाश दिलेला तुलना-गट मात्र नव्हता.

मग दोन्ही एकत्र केल्यास फायदा दुप्पट होतो का?

असे मानण्यास आधार नाही, आणि एकत्र करण्यात काही व्यावहारिक अडचणीही आहेत. उष्णतेने त्वचेत रक्त भरून येते. हेच रक्त प्रकाश शोषते, त्यामुळे खोलवर पोहोचणारा प्रकाश घटण्याची शक्यता असते. एलईडी दिव्यांना उष्णता सोसत नाही. गरम केबिनमध्ये त्यांची प्रकाशशक्ती व आयुष्य दोन्ही कमी होतात, म्हणून काही पॅनेल आपोआप मंद होतात किंवा बंद पडतात. तिसरी अडचण वेळेची आहे. उष्णतेसाठी १५ ते २० मिनिटे बसणे योग्य असले, तरी जवळच्या तीव्र पॅनेलसमोर तितका वेळ बसल्यास प्रकाशाची मात्रा हवी त्याहून जास्त होऊ शकते.

उष्णता-दिव्यांच्या सॉनाचा हिशेब आणखी वेगळा आहे. तापलेल्या तारेच्या दिव्याचा प्रकाश एका ठिकाणी एकवटलेला नसतो. साधारण २४०० केल्व्हिन तापमानाच्या तारेतून सर्वाधिक ऊर्जा १२०० नॅनोमीटरच्या आसपास बाहेर पडते आणि ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या उपयुक्त खिडकीत तिचा ढोबळ हिशेबाने दहावा भागच येतो. बाकीची ऊर्जा निव्वळ ऊब देते. त्यात वाईट काही नाही. परंतु अशा दिव्यासमोर बसणे हा मुख्यतः उष्णतोपचार आहे आणि त्याच्याकडून लेझर चाचण्यांतील परिणामांची अपेक्षा करणे गैर आहे.

दोन्ही करायचेच असेल, तर माझ्या मते प्रकाश आधी घ्यावा, कोरड्या व थंड त्वचेवर, ठरलेल्या अंतरावरून आणि ठरलेल्या मिनिटांपुरताच. त्यानंतर सॉनात जावे. वेगवेगळ्या दिवशी घेतले तरी काही बिघडत नाही.

प्रकाशाची मात्रा कशी मोजावी?

दोन आकडे लागतात. एक, त्वचेवर पोहोचणारी तीव्रता, जी दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिवॅट अशी मोजतात. दुसरा, सेकंदांत मोजलेला वेळ. यांचा गुणाकार करून हजाराने भागले की दर चौरस सेंटिमीटरला किती ज्यूल ऊर्जा मिळाली ते कळते. समजा, १५ सेंटिमीटर अंतरावर पॅनेलची तीव्रता ४० मिलिवॅट आहे आणि आपण १० मिनिटे, म्हणजे ६०० सेकंद थांबलो, तर २४ ज्यूल मिळाले. त्वचेसाठी साधारणपणे याहून कमी मात्रा वापरतात, खोलवरच्या भागासाठी काहीशी अधिक. पॅनेलपासून दूर गेल्यास तीव्रता झपाट्याने घटते, म्हणून विक्रेत्याने दिलेला आकडा कोणत्या अंतरावरचा आहे हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

घामावाटे शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडतात का?

घाम म्हणजे जवळजवळ सगळे पाणी आणि थोडे क्षार. काही धातूंचे अंश घामात सापडतात, पण शरीर शुद्ध ठेवण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, आणि घामाने ती जागा भरून निघत नाही. उलट, पाणी न पिता खूप घाम गाळल्यास मूत्रपिंडांवरचा ताण वाढतो.

वजन कमी होते का?

काट्यावर दिसणारी घट पाण्याची असते आणि दोन पेले पाणी प्यायल्यावर ती भरून येते.

मन आणि झोप यांवर काही परिणाम होतो का?

होतो, आणि या विषयातील हे सर्वांत आशादायक दालन आहे असे मला वाटते. २०१६ साली अमेरिकेतील संशोधकांनी तीव्र नैराश्याच्या तीसेक रुग्णांवर एक प्रयोग केला. एका गटाला इन्फ्रारेड उपकरणाने शरीराच्या आतील तापमान ३८.५ अंशांपर्यंत जाईल इतकी उष्णता एकदाच दिली. दुसऱ्या गटाला हुबेहूब तशाच यंत्रात, तसाच दिवा आणि पंख्याचा आवाज ठेवून, केवळ सौम्य ऊब दिली. उष्णता मिळालेल्यांची लक्षणे कमी झाली आणि हा फरक सहा आठवड्यांपर्यंत टिकला. प्रयोग लहान आहे आणि नैराश्याचे औषध त्याच्या भरवशावर कुणीही परस्पर बंद करू नये. मात्र तुलना-गट इतक्या काळजीने रचलेला असल्यामुळे या निष्कर्षाला वजन आहे. छातीवर पडणारी ऊब इन्फ्रारेड दिव्यांची असली, तरी लक्ष्य तापमानाचे होते, प्रकाशाचे नव्हे.

झोपेचे कारण सरळ आहे. झोप लागताना शरीराचे आतील तापमान उतरत असते. संध्याकाळी सॉना घेतल्यानंतर रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांतून उष्णता वेगाने बाहेर पडते आणि तो उतार अधिक ठळक होतो. निजण्याच्या एक-दोन तास आधी सॉना घ्यावा. अगदी अंथरुणावर पडण्यापूर्वी घेतल्यास तळमळच वाट्याला येते.

त्वचेला या दिव्यांचा त्रास होऊ शकतो का?

होऊ शकतो. चेहऱ्यावर वांग असणाऱ्यांनी विशेष जपावे, कारण उष्णता आणि दृश्य प्रकाश दोन्हींनी वांग गडद होऊ शकतो. सावळ्या व काळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य तांबडा प्रकाश अधिक शोषते, त्यामुळे तीच तीव्रता अशा त्वचेला अधिक गरम जाणवते. त्यांनी अंतर वाढवून व वेळ कमी ठेवून सुरुवात करावी.

आणखी एक खूण ओळखता आली पाहिजे. शरीराचा एकच भाग आठवडेच्या आठवडे उष्णतेच्या अगदी जवळ धरल्यास तेथे तपकिरी, जाळीसारखी नक्षी उमटते. पूर्वी शेगडीशी पाय शेकत बसणाऱ्यांच्या पोटऱ्यांवर ती दिसे. सुरुवातीला ती आपोआप फिकी पडते. तरीही उष्णता चालूच ठेवल्यास डाग कायमचे होतात आणि फार क्वचित त्या जागी त्वचेचा कर्करोगही उद्भवतो. दिव्यासमोर एकाच अंगाने रोज बसू नये ते यासाठीच.

डोळ्यांचे संरक्षण आवश्यक आहे का?

होय. निअर-इन्फ्रारेड किरण दिसत नाहीत, म्हणून पापणी आपोआप मिटत नाही. काच तापवणाऱ्या कारागिरांना वर्षानुवर्षे भट्टीकडे पाहिल्यामुळे मोतीबिंदू होत असे, ही वैद्यकशास्त्रातील जुनी नोंद आहे. दिव्यांकडे टक लावून पाहू नये, चेहरा समोर असताना इन्फ्रारेड अडवणारा चष्मा लावावा. साधा काळा गॉगल पुरेसा नाही. तो दृश्य प्रकाश अडवतो, बाहुली रुंदावते आणि अदृश्य किरणांना वाट मोकळी होते.

कोणी सॉना टाळावा किंवा आधी डॉक्टरांना विचारावे?

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, विश्रांतीतही छातीत दुखणाऱ्यांनी आणि महाधमनीची झडप तीव्र अरुंद झालेल्यांनी सॉना घेऊ नये. ताप असताना, जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेले असताना आणि मद्य प्यायल्यावर तर मुळीच जाऊ नये. सॉनातील मृत्यूंच्या नोंदींत मद्याचा हात वारंवार दिसतो, कारण मद्याने रक्तदाब उतरतो, भान कमी होते आणि उठून बाहेर येण्याची सूचना देणारी अस्वस्थताच बोथट होते. गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, शरीराचे तापमान वाढवणारी कोणतीही गोष्ट टाळणे इष्ट. मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा एक आजार) असणाऱ्यांची लक्षणे उष्णतेने तात्पुरती बळावतात. लहान मुले व वृद्ध यांची तापमान सांभाळण्याची क्षमता कमी असते.

औषधांचा मुद्दा फार वेळा निसटतो. अंगावर चिकटवायच्या औषधी पट्ट्या, उदाहरणार्थ फेंटानिल (तीव्र वेदनाशामक), नायट्रोग्लिसरीन (छातीदुखीवरील औषध) किंवा निकोटिनच्या, उष्णतेने अधिक वेगाने औषध सोडतात. फेंटानिलच्या बाबतीत ते प्राणघातक ठरू शकते. लघवी वाढवणारी व रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना उभे राहताना घेरी येण्याची शक्यता अधिक असते. प्रकाशाने सक्रिय होणारी औषधे घेणाऱ्यांनी, तसेच त्वचेच्या कर्करोगावर उपचार चालू असणाऱ्यांनी, तज्ज्ञांच्या संमतीशिवाय प्रकाशोपचार घेऊ नये.

पुरुषांच्या प्रजननक्षमतेवर परिणाम होतो का?

तात्पुरता होतो. इटलीतील एका लहान अभ्यासात दहा निरोगी पुरुषांनी तीन महिने, आठवड्यातून दोनदा, ८० ते ९० अंशांच्या सॉनात १५ मिनिटे बैठक घेतली. त्यांच्या शुक्राणूंची संख्या व हालचाल घटली आणि सॉना थांबवल्यावर सहा महिन्यांत पूर्ववत झाली. अपत्यासाठी प्रयत्न चालू असतील, तर या काळात सॉना बाजूला ठेवणे शहाणपणाचे.

एक बैठक कशी असावी?

जेवणानंतर निदान दीड-दोन तासांनी, एक-दोन पेले पाणी पिऊन, अंगातील धातूचे दागिने काढून सुरुवात करावी. तापलेली साखळी मानेवर कशी चटका देते हे एकदा अनुभवले की पुन्हा विसर पडत नाही. नवख्याने पहिल्या आठवड्यात ५ ते १० मिनिटेच बसावे, खालच्या बाकावर बसावे, कारण छताजवळची हवा पायाजवळच्या हवेपेक्षा कितीतरी तापलेली असते. सवय झाल्यावर १५ ते २० मिनिटांपर्यंत जाता येते. दिव्यांच्या सॉनात हवा कमी तापत असल्यामुळे घाम उशिरा येतो. तो लवकर यावा म्हणून दिव्याला चिकटून बसू नये.

सर्वांत नाजूक क्षण उठण्याचा असतो. रुंदावलेल्या वाहिन्यांतील रक्त पायांकडे उतरते, डोळ्यांपुढे क्षणभर काळोखी येते आणि हाताशी धरायला असते ती तापलेली शेगडी किंवा दिव्यांची चौकट. म्हणून आडवे असल्यास आधी उठून बसावे, पाय खाली सोडून मिनिटभर थांबावे, पोटऱ्यांचे स्नायू दोन-चार वेळा आवळावेत आणि मगच दार उघडावे. बाहेर आल्यावर दहा मिनिटे बसून राहावे व पाणी प्यावे. हृदयविकार असणाऱ्यांनी लगेच बर्फासारख्या पाण्यात उडी घेऊ नये. अचानक आवळलेल्या रक्तवाहिन्यांमुळे रक्तदाब एकदम उसळतो.

डोके ठणकणे, मळमळ, छातीत धडधड, किंवा घाम येता येता अचानक थांबणे यांपैकी काहीही जाणवल्यास ठरलेली मिनिटे पूर्ण करण्याचा हट्ट सोडून तत्काळ बाहेर यावे.

उपकरण घेताना कोणते प्रश्न विचारावेत?

कोणत्या तरंगलांबीचे दिवे आहेत, बसण्याच्या जागेवर तीव्रता किती आहे आणि ती कोणी मोजली, हे विचारावे. केबिन पूर्ण तापल्यावर एलईडीची तीव्रता किती उरते, हा प्रश्न आवर्जून विचारावा. बहुतेक माहितीपत्रकांत त्याचे उत्तर नसते. दिव्यांवर जाळी आहे का, घाम किंवा पाणी उडाल्यास तापलेली काच तडकणार नाही अशी व्यवस्था आहे का, तारजोडणी उष्णता व ओलाव्यासाठी बनवलेली आहे का आणि वेळ संपताच वीज आपोआप बंद होते का, हे प्रत्यक्ष पाहून घ्यावे. अमेरिकी औषध प्रशासनाची ‘मान्यता’ असे लिहिले असेल, तर ती कोणत्या उपयोगासाठी आहे ते वाचावे. पुष्कळ उपकरणांना मिळालेली परवानगी आधीच्या तत्सम उपकरणाशी साम्य दाखवून मिळालेली असते आणि ती स्नायूंची तात्पुरती दुखणी किंवा सुरकुत्या अशा मर्यादित उपयोगापुरतीच असते.

फरक किती दिवसांत जाणवतो?

अंग हलके वाटणे आणि झोप गाढ लागणे हे पहिल्या काही बैठकांतच जाणवू शकते. रक्तदाबातील बदलासाठी आठवड्यातून तीन-चार बैठकांचे निदान आठ आठवडे द्यावेत आणि घरच्या यंत्रावर तो रोज एकाच वेळी, सॉनापूर्वी, मोजून लिहून ठेवावा. सॉनानंतर लगेच घेतलेला आकडा नेहमीच कमी येतो आणि फसवतो. त्वचेसाठी प्रकाश घेत असल्यास तीन महिने लागतात. त्यासाठी पहिल्या दिवशी आणि नंतर दरमहा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी छायाचित्र काढावे. सांधा किंवा मान दुखत असल्यास चार ते सहा आठवड्यांत काहीच उतार पडला नाही, तर मिनिटे वाढवत बसू नये. उपचार थांबवून दुखण्याचे मूळ कारण तपासून घ्यावे.